प्रोग्रामर पाहिजे!

सॉफ्टवेअरवाला जावई कसा पारखावा, हे आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांना आता कोणी शिकवायला नको. पगार, परदेशवारी आणि फ्लॅटचे हप्ते यांची चौकशी केली की काम भागते. पण हाच मनुष्य पगार देऊन आपल्या पदरी ठेवायची वेळ आली, म्हणजे मात्र भल्याभल्यांची तारांबळ उडते. आणि ही वेळ केवळ मोठ्या कंपन्यांवरच येते असे थोडेच आहे? औषधांचे दुकान, पतसंस्था, वधूवरसूचक मंडळ, शिकवणीचे वर्ग, सगळ्यांनाच आपला कारभार संगणकावर हवा असतो.

लासुर्ण्याच्या आमच्या एका स्नेह्यांवर अशीच पाळी आली. लासुर्णे हे इंदापूर तालुक्यातले, बारामती-इंदापूर रस्त्यावरचे गाव. जवळच वालचंदनगर, अलीकडे भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना, आणि नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस. स्नेह्यांचे खतांचे दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या लागणीच्या नोंदी ठेवायच्या, कोणाला कोणता डोस केव्हा द्यायचा हे वेळेवर कळवायचे, उधारी सांभाळायची, एवढे काम संगणकाने करावे अशी त्यांची इच्छा. मुलाखतीला मलाही बसवले. मी म्हटले, "अहो, मी मराठी शिकवणारा. मला यातले काय कळणार?" तर म्हणाले, "सर, तुम्ही भाषेचं माणूस. समोरचा खरं बोलतोय का पाठ केलेलं, तेवढं बघा."

प्रोग्राम हा शब्द त्या मुलखाला मुळीच परका नाही, ही गंमत वाचकांना सांगायलाच हवी. कारखान्याचा 'तोडणी प्रोग्राम' तिथे पोराबाळांनाही ठाऊक असतो. लागण कधीची, उसाची जात कोणती, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, यावरून कोणाचा फड कधी तुटणार ते ठरते. नोंद चुकली आणि तोडणी लांबली, की उभा ऊस वाळून वजनात घटतो, खोडवाही मागे पडतो. नोंदवहीतल्या एका ओळीमागे एका कुटुंबाचे वर्ष असते.

मुलाखतीला आलेल्यांपैकी एका तरुणाने प्रमाणपत्रांची चळत मांडली आणि 'सहा आठवड्यांत सगळे करून देतो' असे सांगितले. त्याने आम्हांला एकही प्रश्न विचारला नाही. बारामतीला शिकलेली, जवळच्याच गावची एक मुलगी मात्र जुनी वही मागून घेऊन बराच वेळ चाळीत बसली. मग तिने एका आकड्यावर बोट ठेवले. "काका, हे १.२० म्हणजे नक्की काय?"

स्नेही हसले. एक एकर वीस गुंठे, आणखी काय! पण प्रश्न हसण्याजारखा नव्हता. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे शेतकऱ्याच्या बोलीत ते साठ गुंठे झाले. संगणक आपल्या दशांशाच्या बुद्धीने १.२० एकर धरणार, म्हणजे अठ्ठेचाळीस गुंठे. बारा गुंठे जागच्या जागी गडप! आणि कोणी तो आकडा सातबाऱ्यावरून उतरवला असेल, तर तिथे माप हेक्टर-आरचे. मग तेच १.२० जवळजवळ एकशे एकोणीस गुंठे होतात. वहीत तिन्ही प्रकारचे आकडे सुखाने नांदत होते.

याला खेडवळ अडचण समजून कोणी नाक मुरडू नये. अमेरिकेच्या 'नासा'ने मंगळाकडे धाडलेले एक यान १९९९ साली हातचे गेले, ते असल्याच घोटाळ्याने. एका गटाची आज्ञावली पौंडाच्या मापात आकडे देत होती आणि दुसरा गट ते न्यूटनच्या मापातले समजून चालला होता. तिथे विद्वानांची वाण नव्हती; 'हा आकडा कशाचा?' हे वेळेवर विचारून तड लावणारा हवा होता.

तेव्हा उमेदवाराने दिलेल्या उत्तरांपेक्षा त्याने विचारलेले प्रश्न मोजावेत, असे माझे मत झाले आहे. पदव्यांचे म्हणाल, तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचा संगणक चालू झाला (१९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले), तेव्हा त्या विषयाची पदवी आपल्याकडे होती कुठे? गणित आणि पदार्थविज्ञानाची माणसेच ती विद्या शिकली.

डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी तर १९७५ साली लिहून ठेवले आहे की, गणिताच्या ओढीखेरीज चांगल्या प्रोग्रामरचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे स्वतःच्या मातृभाषेवरचे प्रभुत्व. हे वाचून मराठीच्या अध्यापकाला किती मूठभर मांस चढले असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी! पण गोष्ट खरी आहे. आपण काय केले आणि का केले, हे ज्याला चार सरळ वाक्यांत दुकानदाराला सांगता येत नाही, त्याचे काम पुढे दुसऱ्या कोणालाही उलगडत नाही.

परीक्षा म्हणून घरी काही लिहून आणायला सांगण्यात हल्ली फारसा अर्थ उरलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती पानभर आज्ञावली चहा निवायच्या आत लिहून देते. त्यापेक्षा आठवड्याचे एक छोटेसे खरे काम द्यावे, त्याचे पैसे द्यावेत, आणि मग शेजारी बसवून विचारावे: ही ओळ इथे कशाला? ती काढली तर काय बिघडेल? एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचेही नाव तेच असलेले दोन शेतकरी निघाले, तर तुमचा संगणक त्यांची उधारी एकत्र करील काय? यावर 'हे माझ्या ध्यानात आले नव्हते' असे जो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तोड काढून आणतो, त्याला घ्यावे.

स्नेह्यांनी त्या मुलीला घेतले. पहिले तीन आठवडे ती नुसती जुन्या वह्या लावीत होती आणि गिऱ्हाइकांना फोन करून मापे विचारीत होती. 'पगार चालू आणि पडद्यावर काहीच नाही' म्हणून मालक कुरकुरत होते. माझ्या मते ते तीन आठवडेच सर्वांत वसूल झाले.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आज्ञावलीची मालकी कोणाची, परवलीचे शब्द कोणाकोणाजवळ राहणार, नोंदींची दुसरी प्रत रोज कुठे ठेवली जाणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर यावे. एका ओळखीच्या संस्थेत सगळ्या किल्ल्या एकाच गृहस्थाजवळ होत्या. ते नोकरी सोडून गेले आणि संस्थेला स्वतःचाच हिशेब महिनाभर पाहता आला नाही. पगाराचेही तेव्हाच स्पष्ट बोलावे. गावात राहते म्हणून मुलीला निम्मा पगार देऊ पाहाल, तर बारामतीहून पुण्याची गाडी कितीला सुटते हे तिलाही ठाऊक असते.