ओव्हर घ्यायला कुणीतरी हवं

सकाळी आठच्या ठोक्याला रात्रपाळीची सिस्टर रजिस्टर घेऊन पहिल्या कॉटपाशी उभी राहते. तिच्या शेजारी सकाळपाळीची आणि मागे आम्ही विद्यार्थिनी. मग एकेक कॉट सुरू होते. "सात नंबर, सिझरचा दुसरा दिवस. सहाला कॅथेटर काढलंय, अजून लघवीला झालेली नाही, लक्ष ठेवा. ड्रेसिंग कोरडं आहे. बाळ अंगावर नीट पितंय. आजीबाई बाळाला मध चाटवायला बघताहेत, दोनदा सांगून झालंय, तुम्ही तिसऱ्यांदा सांगा." एवढ्यात सात नंबरची अख्खी रात्र एकीच्या हातून दुसरीच्या हाती जाते. याला आमच्यात ओव्हर देणं म्हणतात. ओव्हर दिल्याशिवाय कुणी घरी जात नाही आणि घेतल्याशिवाय कुणी औषधांच्या ट्रॉलीला हात लावत नाही.

मी चिखलीत नर्सिंगचा जीएनएम कोर्स करते. बारावीनंतर लगेच लग्न झालं. मग दोन मुलं, सासू-सासरे आणि सोयाबीन-हरभऱ्याची शेती. प्रवेश घेतला तो तिशी गाठल्यावर. वयाची अट पस्तिशीपर्यंतची, म्हणजे हातात फार वर्षं उरली नव्हतीच. वर्गात बहुतेक मुली अठरा-एकोणीसच्या. त्या मला ताई म्हणतात. एखादी चुकून काकू म्हणते आणि जीभ चावते.

"कसं जमतं गं तुला घर सांभाळून?" हा प्रश्न मला एसटीत, गिरणीवर, हळदीकुंकवात, कुठंही गाठतो. विचारणाऱ्या बाईला बहुधा हाल ऐकायचे असतात. हाल आहेतच. पुस्तकं इंग्रजीत. पोस्टिंग कधी चिखलीत, तर कधी वीस-पंचवीस किलोमीटरवर बुलढाण्याला. रात्रपाळीहून येऊन डोळा लागतो न लागतो तोच धाकटीच्या शाळेची रिक्षा दारात. सोंगणीच्या दिवसांत घरात चिटपाखरू नसतं आणि माझी परीक्षाही नेमकी तेव्हाच तोंडावर येते. पण हे ज्या बाईनं लग्नानंतर पुस्तक हातात धरलं, तिला कुणी सांगायला नको. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. या शिक्षणानं माझ्या घराची व्यवस्था बदलली, आणि ती चांगल्यासाठी बदलली.

नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षापासून एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवतात: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. पेशंटला कुशीवर वळवलं, लिहा. तोंड धुऊन दिलं, लिहा. ताप, नाडी, श्वास, बीपी, किती प्यायली, किती लघवी झाली, सगळं वेळेसकट आणि खाली सही. आधी वाटायचं, हा कागदांचा धंदा कशाला? पण मी एका म्हाताऱ्या बाईला स्पंजिंग केलं, पाठीला पावडर लावली, चादर बदलली, आणि ते चार्टवर माझ्या नावानं चढलं. ट्यूटर मॅडमनी खाली सही केली. लग्न झाल्यापासून मी सासऱ्यांचं आजारपण काढलं, दोन बाळंतपणांतून उठले, हजारो भाकरी थापल्या. त्यातलं एकही काम कधी कुठं लिहिलं गेलं नव्हतं. घरकामाला सही नसते. त्या दिवशी चार्टकडे मी जरा जास्तच वेळ बघत उभी राहिले असेन.

घर सांभाळलेल्या बाईला नर्सिंग सोपं जातं असं लोक म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. हात सराईत असतो, हे खरं. पेशंटला उताणं झोपवून एका हातानं कमरेखाली आधार द्यायचा, दुसऱ्या हातानं बेडपॅन सरकवायचं आणि त्याच वेळी तिच्याशी पाऊसपाण्याचं बोलायचं, म्हणजे तिला लाज वाटत नाही. हे माझ्या हाताला आधीच येत होतं. वर्गातल्या मुली तिथं अवघडतात. पण तोच घरचा हात दुसरीकडे आडवा येतो, कारण घरात आपण सगळं अंदाजानं करतो. मीठ, पाणी, गूळ, औषधसुद्धा.

सलाईनचंच बघा. पाचशे मिलीची बाटली चार तासांत द्यायची आहे. सेटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, एक मिली म्हणजे वीस थेंब. म्हणजे बाटलीत दहा हजार थेंब. चार तासांची मिनिटं दोनशे चाळीस. भागाकार केला की मिनिटाला बेचाळीसच्या आसपास थेंब येतात. मग मनगटावरचं घड्याळ चेंबरजवळ धरायचं, सेकंदकाट्यावर एक डोळा, थेंबांवर दुसरा, आणि चाक बोटानं थोडं थोडं फिरवत ते बेचाळीस आणायचे. पेशंटनं हात वाकवला की गती बदलते, म्हणून परत मोजायचं. लहान मुलांचा मायक्रो सेट असेल तर एका मिलीला साठ थेंब, सगळं गणित नव्यानं. इथं 'साधारण बरोबर वाटतंय' चालत नाही. वर्गातल्या मुली हे गणित माझ्या आधी सोडवतात. मी त्यांना म्हातारा पेशंट कसा वळवायचा ते दाखवते, त्या मला दशांशचिन्ह कुठं द्यायचं ते सांगतात. हा व्यवहार दोघींना परवडतो.

लेबर रूममध्ये तर घरचा अनुभव दाराबाहेर ठेवावा लागतो. दोन बाळंतपणं झालेली बाई कळा देणाऱ्या पोरीपाशी उभी राहिली की तिच्या ओठांवर पहिलं वाक्य येतं, "अगं, माझ्या वेळी तर..." मॅडमनी हे बजावून ठेवलंय की आपलं बाळंतपण सांगायचं नाही. ती कळ तिची आहे. आपण तिची कमर चोळायची, श्वास कधी घ्यायचा ते सांगायचं, बाळाचे ठोके मोजायचे आणि ते लिहायचे. बाळ आलं की मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, नाळ कापायची घाई नाही, बाळ कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर, आणि तासाच्या आत अंगावर पाजायचं. आमच्या भागात गाईच्या चिकाचा खरवस आवडीनं खातात आणि बाळंतिणीचा चीक मात्र पिळून टाकायला सांगणाऱ्या आज्या अजून भेटतात. त्यांच्याशी बोलताना मात्र माझं वय आणि कपाळावरचं कुंकू कामाला येतं. अठरा वर्षांच्या सिस्टरचं त्या ऐकत नाहीत. "तुह्याले लेकरं हायत का?" असं विचारतात. मी हो म्हटलं की निम्मं काम झालेलं असतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली बाई आठवते. तिचं 'नोट्स ऑन नर्सिंग' १८५९ चं. ते तिनं नर्सेससाठी पाठ्यपुस्तक म्हणून लिहिलंच नव्हतं. घरात ज्यांच्यावर दुसऱ्याच्या तब्येतीची जबाबदारी येते अशा साध्या बायकांसाठी लिहिलं होतं. त्यात एक प्रकरण बारीकसारीक व्यवस्थेवर आहे. मुद्दा एवढाच की, आपण असताना जे नीट होतं, ते आपण नसतानाही व्हावं अशी सोय लावता आली नाही, तर बाकीची सगळी सेवा वाया जाते. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी विलायतेत लिहिलेली ही गोष्ट चिखली तालुक्यातल्या सुनेला तंतोतंत लागू पडते, कारण आमचं घर नेमकं उलट तत्त्वावर चालत होतं. मी असताना सगळं व्हायचं. मी नसले की कुणालाच काही माहीत नसायचं.

म्हणून मी ओव्हर घरी आणला. दोनशे पानी वही घेतली, दोरीनं पेन बांधला आणि फडताळाच्या खिळ्याला टांगली. नियम वॉर्डाचाच: वेळ, काय केलं, काय राहिलं, कुणी केलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, "घरात काय दवाखाना मांडला का वं?" ह्यांनी आठवडाभर त्या वहीला हात लावला नाही.

वही पटली ती धाकटीच्या तापात. ताप आलेल्या लेकराला संध्याकाळी आजी औषध देते, रात्री बाप शेतातून येतो, अंग गरम लागतं, तोही देतो. दोघांचं प्रेम आणि लेकराच्या पोटात दुप्पट डोस. हे घराघरांत होतं. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत निदान चार ते सहा तास जावे लागतात आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त द्यायचं नसतं. शिवाय त्याच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. पाच मिलीत एकशे पंचवीस मिलिग्रॅमची एक आणि दोनशे पन्नासची दुसरी. घरात मोठ्या भावाची जुनी बाटली आणि धाकटीची नवी शेजारी शेजारी उभ्या असल्या तर अंधारात काय कळणार? चहाचा चमचा तर मोजमाप नाहीच. मी बुलढाण्याला रात्रपाळीला होते. सकाळी येऊन वही उघडली तर ह्यांच्या अक्षरात ओळ होती: "६.४०. ताप १०१. औषध ५ मिली, लहान बाटली, झाकणानं मोजून. बाबा." त्याखाली: "९.१५. अंग गरम. औषध दिलं नाही, वेळ झाली नव्हती. कपडे पातळ केले, पाणी पाजलं." मी ही ओळ मॅडमना दाखवली असती तर त्यांनी खाली सही केली असती.

आत्याबाईंना बीपीची गोळी आहे. बरं वाटलं की त्या बंद करायच्या. डोकं गरगरलं की परत सुरू. डॉक्टरांना मात्र "घेते की रोज" असं ठणकावून सांगायच्या. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांच्या गोळीची नोंद थोरल्याकडे दिली. तो चौथीत आहे आणि त्याला या कामाचा भलताच रुबाब आलाय. त्याची एक नोंद अशी: "८.१०. आजीनं गोळी घेतली. खरंच घेतली. मी तोंड उघडून पाहिलं." आता आत्याबाईच संध्याकाळी विचारतात, "माही गोळी लिवली का रे बापू?" मागच्या खेपेला त्या चिखलीला दाखवायला गेल्या तेव्हा वही पिशवीत घालून घेऊन गेल्या. शेजारणी बीपी मोजायला येतात. मी आकडा सांगते, औषध सांगत नाही. ते माझं काम नाही, हेही शाळेनंच शिकवलं.

वहीत सगळंच गोड असतं असं नाही. "भाजी खारट. कुणी केली लिहिलेलं नाही," अशीही ओळ आहे. सोंगणीच्या आठवड्यात चार दिवस पानं कोरी आहेत. तेव्हा कोण जेवलं, कोण उपाशी झोपलं, देव जाणे. पण नळ कधी आला, दूधवाल्याचे किती झाले, शाळेत कोणता कागद द्यायचाय, हे आता एकट्या माझ्या डोक्यात राहत नाही. डोकं मोकळं झालं तसा तिथं अभ्यास मावायला लागला. कौतुकानं हे झालं नसतं. कौतुक आमच्याकडे पुष्कळ होतं. "सून शिकते हो आमची," असं सासरे पारावर सांगत आणि घरी येऊन चहाची वाट बघत बसत.

ही अडचण जुनी आहे. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ मध्ये झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. नवऱ्याच्या आग्रहानं शिकल्या, पण घरातल्या बायकांचा रोष दिवसभर त्यांनीच सोसला. पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि त्याच्यामार्फत बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला लागल्या. त्यांत विधवा होत्या. परक्याच्या अंगाला हात लावायचं काम भल्या घरच्या बाईनं करू नये, असा तो काळ. ज्यांच्या पाठीशी घर नव्हतं त्यांच्या पाठीशी संस्था उभी राहिली. आज आमच्यासारखीच्या पाठीशी घरच उभं राहायला लागतं, आणि नुसतं उभं राहून भागत नाही, हातात काम घ्यावं लागतं.

तुमच्या घरात बारावी झालेली सून, बहीण, बायको असेल आणि पस्तिशी दूर असेल, तर जीएनएमचा विचार जरूर करा. शाखा कोणतीही चालते, इंग्रजी विषय हवा आणि निदान चाळीस टक्के हवेत. शाळा निवडताना तिला इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते कागद बघून ठरवा, जाहिरात बघून नाही. मान्यता नसेल तर तीन वर्षांनंतर नोंदणीला अडतं, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून नोकरी नाही. फॉर्म भरायच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. वहीत दिवसभराची कामं ओळीनं लिहा आणि प्रत्येकापुढे एक नाव घाला. जी ओळ कोरी राहील ती त्या बाईच्याच अंगावर येणार आहे, तेव्हा सगळ्या ओळी भरेपर्यंत कुणाला उठू देऊ नका.