‘अभिसरण’ : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

योजनांच्या मार्गदर्शक सूचनांत, परिपत्रकांत आणि आढावा बैठकांत ‘कन्व्हर्जन्स’ हा शब्द वारंवार योजला जातो. मराठीत त्यासाठी ‘अभिसरण’ ही संज्ञा रूढ झाली आहे. तथापि सर्वसामान्य नागरिकास हा शब्द परिचित आहे तो ‘रक्ताभिसरण’ या सामासिक शब्दातून, आणि तेथे त्याचा अर्थ ‘फिरत राहणे’ असा आहे. एकाच शब्दातून फिरणे आणि एकवटणे असे दोन अर्थ सूचित होत असल्याने त्याचा नेमका आशय समजून घेणे अगत्याचे ठरते.

‘अभि’ म्हणजे कडे आणि ‘सृ’ म्हणजे जाणे. संकेतस्थळी प्रियकराच्या भेटीस निघालेल्या नायिकेला काव्यशास्त्राने ‘अभिसारिका’ म्हटले, ते याच धातूवरून. इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळही ‘एकत्र कलणे’ याच अर्थाचे आहे. भिन्न दिशांनी निघालेल्या गोष्टींचा कल एका बिंदूकडे असणे, हा या संज्ञेचा गाभा होय.

विविध शास्त्रांत हाच आशय आढळतो. अर्धा, पाव, अष्टमांश अशी निम्म्या निम्म्या पदांची बेरीज करीत गेल्यास ती १ च्या अधिकाधिक निकट जाते. अशा श्रेढीस गणितात अभिसारी श्रेढी म्हणतात. दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे विषुववृत्ताच्या परिसरात ज्या पट्ट्यात एकमेकांस भेटतात, त्यास हवामानशास्त्रात अभिसरण पट्टा म्हणतात. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकणे आणि आपला मोसमी पाऊस यांचा निकटचा संबंध आहे. डॉल्फिन हा सस्तन प्राणी आणि शार्क हा मासा. तरीही पाण्यात वेगाने पोहण्याच्या एकाच गरजेपोटी दोघांच्या शरीरांचा आकार सारखा झाला. जीवशास्त्र यास अभिसारी उत्क्रांती म्हणते. त्या आकारसाम्यामुळे डॉल्फिन मासा होत नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

येथेच अभिसरण हे संगम आणि विलीनीकरण यांहून वेगळे ठरते. हैदराबाद शहरात लंगर हौज येथे, १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थी विसर्जित झाल्या त्या बापू घाटापाशी, ईसी नदी मुसीस मिळते. तेथून पुढे ईसी हे नाव उरत नाही. तो संगम होय. त्याच वर्षी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात समाविष्ट झाले आणि त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आले. ते विलीनीकरण होय.

अभिसरणाचे उदाहरणही याच नगरीत मिळते. १५९१ साली वसलेल्या या शहरात तेलुगू, मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या. मराठीतील ‘नको’ दखनीत ‘नक्को’ झाले आणि ‘तोच’, ‘असाच’ यांतील ‘च’ हा ‘वोईच’, ‘ऐसाइच’ अशा रूपांनी तेथे स्थिरावला. वाक्यरचनेतील साम्य तर अधिकच उद्बोधक आहे. मराठीत आपण ‘येतो म्हणून म्हणाला’ असे म्हणतो. तेलुगूत ‘वस्तानु अनि चेप्पाडु’ म्हणतात. दखनीत ‘आतूं बोलके बोला’. शब्द ज्याचे त्याचे, परंतु ‘म्हणून’, ‘अनि’ आणि ‘बोलके’ यांचे वाक्यातील कार्य एकच. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड आणि उर्दू यांच्या बोलींत असेच साम्य गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांना आढळले. त्यांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेनुसार हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तरी बोलींमध्ये मुरलेली ही जवळीक नाहीशी झाली नाही.

आता प्रशासनाकडे वळू. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालील कामांची इतर विभागांच्या योजनांशी सांगड घालताना हा शब्द विशेष प्रचारात आला. समजा, एका अल्पभूधारकाच्या शेतात एका योजनेतून विहीर खोदली गेली, दुसरीतून विद्युत पंप मिळावयाचा आहे आणि तिसरीतून फळझाडांची कलमे. प्रत्येक विभागाचे लेखाशीर्ष स्वतंत्र, मंजुरी स्वतंत्र, तपासणीही स्वतंत्र; त्यांचे विलीनीकरण अभिप्रेत नाही. मात्र पाणी, पंप आणि कलमे एकाच शेतात एकाच हंगामात पोहोचली पाहिजेत. विहीर झाली पण पंप आला नाही, किंवा कलमे आली तेव्हा विहीर कोरडी होती, तर तिन्ही विभागांची उद्दिष्टे कागदोपत्री पूर्ण होतील आणि शेतकरी मात्र होता तेथेच राहील. अशा वेळी जे घडते ते नस्तीचे अभिसरण, म्हणजे या टेबलावरून त्या टेबलावर फिरणे.

‘समन्वय’ हा शब्दही यासाठी पुरेसा नाही. समन्वय कार्यालया-कार्यालयांत होतो. अभिसरणास कार्यालयाबाहेरचा एक बिंदू लागतो. म्हणून ही संज्ञा प्रस्तावात योजताना तीन गोष्टी स्पष्ट लिहिणे इष्ट ठरेल : काय एकत्र येणार, कोणत्या ठिकाणी व कोणत्या मुदतीत येणार, आणि कोणाची कोणती जबाबदारी पूर्ववत स्वतंत्र राहणार. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या गावाच्या, शेताच्या वा कुटुंबाच्या रूपाने देता आले, तरच त्या प्रस्तावास अभिसरण म्हणणे सार्थ होईल.