पसंती कोणाची?

परवा बडोद्यात एका विवाहास गेलो होतो. वधूवरांनी परस्परांस आपणहून पसंत केलेले. पंगतीत त्याचीच कुजबुज. ‘हल्लीची मुले!’ असा उद्गारही निघाला. पण वाचकहो, हे हल्लीचे कोठले? याच नगरीच्या सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहास कायद्याने आळा घातला. त्यांच्या कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरला होता. १९११ च्या दिल्ली दरबारात कूचबिहारच्या राजपुत्राशी भेट झाली आणि इंदिराराजेंनी स्वतः पत्र धाडून ठरलेले लग्न मोडले! १९१३ साली लंडनमध्ये त्या राजपुत्राशी विवाह झाला; एवढे सुधारक मातापिता, पण त्या मंडपात ते नव्हते. पुढे लेक गायत्रीदेवींचे मन दोन राण्या असलेल्या जयपूरनरेशांवर जडले, तेव्हा तिला थांबावयास सांगणाऱ्या आई या इंदिराराजेच होत.