नुसते पॅड बदलून भागत नाही!

"पॅड नवे टाकलेत, आता काळजी नको," असं घरातले पुरुष सांगतात आणि आपण मुलाला मध्ये घेऊन निर्धास्त मागे बसतो. पण मैत्रिणींनो, डिस्क ब्रेकची मोटारसायकल दहा-पंधरा वर्षांची असेल तर एवढ्याने भागत नाही.

चकतीवर पॅड दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. त्यातल्या पिस्टनभोवती रबरी रिंग असते. ब्रेक सोडला की हीच रिंग पिस्टनला केसभर मागे ओढते. कुकरची रिंग जुनी झाली की कडक होते ना, तशीच ही! त्यात धूळ-पाणी जाऊन पिस्टन गंजला, की तो अडकतो आणि पॅड घासतच राहतात. देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून बाजारात जाईतो चकती तापते. (हात लावू नका, भाजेल.)

ब्रेक ऑइल तर पावसाळ्यातल्या मिठासारखं ओलावा ओढतं. 'डॉट ४'चं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की १५५ अंशांनाही उकळू शकतं. लळिंगचा घाट उतरताना सारखा ब्रेक दाबावा लागला आणि आत वाफ झाली, तर लिव्हर पोकळ लागते.

म्हणून कॅलिपर खोलून रिंगा नव्याच घालायला सांगा. पिस्टनवर खड्डे असतील तर तोही बदलावा. रिंगांना पेट्रोल लागू देऊ नये, रबर फुगतं. ऑइल सीलबंद डब्यातलं, झाकणावर लिहिलेल्या नंबराचंच हवं. टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.

शेवटी हवा काढल्यावर लिव्हर स्वतः दाबून पाहा. स्पंजासारखी लागली, तर गाडी तिथेच ठेवून सरळ रिक्षाने घरी या.