कंबर ‘कडकड’ वाजवून कोणतं दुखणं उतरतं, कोणतं नाही

दिवाळीनंतर आमच्या झरी जामणी तालुक्यात पालकसभा घेतली की एक गोष्ट दरवर्षी दिसते. बाया खुर्चीवर बसताना आधी हात गुडघ्यावर टेकवतात, तोंडातून बारीकसा ‘आई गं’ किंवा ‘या अल्लाह’ निघतो, मग हळूच बसतात. कापूस वेचणीचे दिवस असतात. दिवसभर वाकून बोंडं वेचायची, कमरेला बांधलेल्या झोळीत कापूस भरत जायचा, आणि मजुरी किलोवर असल्यामुळे पाठ सरळ करायलाही मन धजत नाही. गड्यांची गत वेगळी नाही. पंधरा-सोळा लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन ओल्या काळ्या मातीत चालायचं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक.

पूर्वी कंबर धरली की लोक म्हणायचे, उसण भरली. मग पायाळू माणूस शोधायचा, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला, आणि त्याचा पाय कमरेला लावून घ्यायचा. नाहीतर हाडवैद्य होताच. आता यात मोबाईलची भर पडली आहे. व्हिडिओत एक जण पेशंटला कुशीवर झोपवतो, खांदा एकीकडे नि कंबर दुसरीकडे दाबतो, कडकड आवाज येतो आणि पेशंट हसत उठतो. खाली लिहिलेलं असतं, कायरोप्रॅक्टिक. शाळेत, मशिदीबाहेर, चहाच्या टपरीवर आम्हाला लोक विचारतात, “सर, हे नागपुरात होते का? याने मणक्यातली गॅप भरते का?”

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण विचारलंच आहे तर वाचून, विचारून जेवढं पक्कं कळलं तेवढं सांगतो.

कायरोप्रॅक्टिक हा शब्द ग्रीकमधला, अर्थ साधारण ‘हाताने केलेला इलाज’. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या माणसाने १८९५ साली याची सुरुवात केली. त्याने हार्वे लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, अशी या पद्धतीची जन्मकथा सांगतात. यावरून पामरने थेट सिद्धांतच मांडला की शंभरातले ९५ आजार मणके सरकल्यामुळे होतात. हा सिद्धांत विज्ञानात टिकला नाही. पाठीला हात लावून इलाज करणं मात्र पामरच्याही फार आधीचं आहे. बुकरात आणि इब्न सीना यांनी पाठ ताणून, दाबून मणका बसवण्याच्या रीती लिहून ठेवल्या. १४६५ साली तुर्की हकीम शरफुद्दीन साबुनजुओग्लू याने शस्त्रक्रियेच्या ग्रंथात त्याची चित्रंसुद्धा काढली. युनानीत आजही ‘इलाज बित्तदबीर’ ही स्वतंत्र शाखा आहे. दल्क म्हणजे मालिश आणि हिजामा त्यातच येतात.

आता त्या आवाजाबद्दल. लोकांना वाटतं हाड जागेवर बसलं म्हणून कडकड झालं. तसं नाही. सांध्यात थोडं वंगणासारखं पाणी असतं. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब एकदम उतरतो, वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटं मोडतो तेव्हा हेच होतं. बोट मोडल्याने हाड सरकत नाही, तसंच पाठीचं.

मग फायदा काहीच नाही का? आहे, पण मोजका. साधी कंबरदुखी, जी वाकून, वजन उचलून, बसून बसून स्नायू नि सांधे आखडल्यामुळे होते, तिला या पद्धतीने काही प्रमाणात आराम पडतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या आपल्या शिफारशीत गोळ्यांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत शेक, मालिश आणि मणक्याची हाताळणी यांना जागा दिली. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात २०१६ पासून एक अट आहे, की हाताचा हा इलाज व्यायामासोबतच द्यावा, एकटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदा मार्गदर्शन काढलं. त्यात व्यायाम, आजार नीट समजावून सांगणं यांच्यासोबत मणक्याची हाताळणीही आहे. आणि नको असलेल्या गोष्टींत काय आहे? कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणं, म्हणजे ट्रॅक्शन. आमच्याकडे निम्म्या घरांत खुंटीला पट्टा लटकलेला असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मानदुखी आणि मानेतून उठून डोक्यात चढणारी डोकेदुखी, यांतही काही जणांना बरं वाटतं. एवढंच. दमा, बीपी, शुगर, लहान मुलाचं रडणं, अंथरुणात लघवी, कान फुटणं यावर मणका दाबून इलाज होतो असा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने २००८ साली वर्तमानपत्रात हेच लिहिलं, तेव्हा तिथल्या कायरोप्रॅक्टिक संघटनेने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. दोन वर्षं खटला चालला आणि २०१० मध्ये संघटनेनेच तो मागे घेतला.

‘गॅप’चंही सांगून टाकू. मणका आणि मणका यांच्या मधे गादी असते. वय वाढलं की ती सुकते, चपटी होते, कधी बाहेर फुगते. एमआरआयच्या कागदावर ते छापून येतं आणि माणूस घाबरतो. पण २०१५ साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा ज्यांना पाठ अजिबात दुखत नव्हती अशा विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत गादी झिजलेली सापडली. म्हणजे केस पांढरे होतात तसं काहीसं. कोणी दाबून ती गॅप भरत नाही, आणि बहुतेकांना भरायची गरजही नसते.

इथपर्यंत ठीक. पण ज्यासाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट पुढे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातली एक मुलगी शाळेत यायची बंद झाली. सातवीत होती, हुशार. घरी गेलो तर आई अंथरुणावर. तीन महिन्यांपासून पाठ दुखत होती. आधी पायाळूचा पाय लावून झाला, मग मालिश झाली. आता खरं बोलतो, एका हाड बसवणाऱ्याचं नाव आम्हीच सुचवलं. आम्हाला त्याच्या हाताने गुण आला होता, म्हणून. त्याने तिला पालथं झोपवून पाठीवर गुडघा दाबून दोनदा झटका दिला. पंधरा दिवसांनी मुलीचे वडील म्हणाले, “सर, तिच्या पायातून चप्पल निसटते नं तिला कळतबी नाही.” तेव्हा कुठे आम्ही विचारलं, संध्याकाळी अंग गरम होते का? होत होतं. वजन उतरलंय का? बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. मोठ्या दवाखान्यात एमआरआय झाला. मणक्याची टीबी होती. किडलेल्या मणक्यावर तो गुडघा पडला होता.

टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. मणक्याच्या टीबीत खोकला असेलच असं नाही. पाठ एकाच जागी दुखते, रात्री झोपल्यावरही थांबत नाही, बारीक ताप येतो, भूक मरते. सुरुवातीला साधा एक्सरे नॉर्मल येऊ शकतो. अशा मणक्याला झटका दिला तर तो खचून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, पाय जाऊ शकतात. वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर आजार बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि निक्षय पोषण योजनेत इलाज चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. मणक्याच्या टीबीला गोळ्या वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतात. मधे सोडायच्या नाहीत.

म्हणून पाठीला कोणाचाही हात लावून घेण्याआधी काही गोष्टी स्वतःला विचारा. ताप येतो का, वजन उतरतंय का? पूर्वी टीबी किंवा कॅन्सर झाला होता का? पडल्यावर, गाडीवरून आपटल्यावर दुखणं सुरू झालं का? वय साठीच्या पुढे आहे आणि हाडं ठिसूळ आहेत का? पायाची ताकद कमी झाली, पाय बधिर पडला का? यातलं एकही ‘हो’ असेल तर आधी डॉक्टर. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधिर झाली तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच रात्री निघायचं. आमच्या भागातून यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पैनगंगेपलीकडे आदिलाबादचं रिम्स आहे. ज्याला जे जवळ पडेल ते.

मानेबद्दल तर आणखी सावध. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या नसा जातात. मानेला जोरात पीळ दिल्यावर ती नस आतून फाटून लकवा झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचित होतं, पण होतं. सलूनमध्ये दाढी झाल्यावर ‘मान मोडून देऊ का’ विचारतात, तिथे हात जोडून नाही म्हणा. २०१७ साली दिल्लीकडच्या एका माणसाच्या श्वासाच्या पडद्याच्या नसा अशाच मालिशीनंतर निकामी झाल्याची बातमी होती.

कायरोप्रॅक्टरकडे जायचंच असेल तर? आपल्याकडे डॉक्टरांची नोंद ठेवणारी जशी मेडिकल कौन्सिल, तशी कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी सरकारी परिषद नाही. त्यामुळे पाटी लावणारा परदेशात चार-पाच वर्षं शिकलेला असू शकतो, आणि व्हिडिओ बघून शिकलेलाही. त्यापेक्षा पदवी घेतलेला फिजिओथेरपिस्ट बरा. तो हाताने सांधा मोकळा करतो आणि व्यायामही शिकवतो. पहिल्याच दिवशी वीस बैठकांचं पॅकेज सांगणारा, काही न विचारता झटका देणारा, गोळ्या बंद करा म्हणणारा, कोणत्याही पदवीचा असो, तिथून उठून यावं.

साध्या कंबरदुखीला बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत आपोआप उतार पडतो. सक्त बिछाना धरून पडणं उलट वाईट. दोन दिवस आराम, शेक, मग हळूहळू चालणं. वेचणीत अर्ध्या तासाने एकदा उभं राहून कमरेवर हात ठेवून मागे वाकायचं, झोळी भरगच्च होईपर्यंत न थांबता लवकर रिकामी करायची. पंपाचे दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर घ्यायचे, एका खांद्यावर लटकवून न्यायचा नाही. हे आम्ही बायांना सांगितलं तेव्हा एक खाला म्हणाल्या, “मास्तर, अर्ध्या तासाला उभी राहिली तर दोन किलो कमी भरते, ते पैसे तू देतो का?” त्यांना द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मशिदीत मागच्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्च्या वाढल्यात, तरी काही बुजुर्ग दुखणं दाबून सजद्यात जातात आणि उठताना शेजारच्याचा खांदा धरतात. ज्याला जमत नाही त्याने बसून, इशाऱ्याने नमाज पढायची सवलत शरीयतने दिलेली आहे. त्यात कमीपणा कसला? शंका असेल तर इमाम साहेबांना विचारून घ्यावं.

त्या मुलीची आई आज काठी घेऊन चालते. वेचणीला जात नाही, घरी बसून कापडी पिशव्या शिवते. मुलगी एक वर्ष मागे पडली, पण शाळेत परत आली.