मैफलीच्या डीव्हीडीतून एकेक गाणं वेगळं काढायचंय?

घरातल्या संगीताच्या डीव्हीडी अजून चालतायत तोवर त्यातला आवाज काढून ठेवाच. व्हिडिओ_टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी फाइल्स म्हणजे एकेक गाणं नव्हे. त्या साधारण १ जीबीला तुटतात, मग तो तुकडा ऐन तानेत का पडेना! गाण्यांच्या खऱ्या खुणा असतात चॅप्टरमध्ये.

मी आधी मेकएमकेव्हीने अख्खा कार्यक्रम एका एमकेव्ही फाइलमध्ये घेतो. चॅप्टर शाबूत राहतात. मग एमकेव्हीटूलनिक्समध्ये चित्राचा ट्रॅक काढून टाकायचा आणि चॅप्टरनुसार तुकडे करायला सांगायचं. दोन्ही मोफत मिळतात.

खरी गोष्ट पुढे आहे. आवाज कोणत्या प्रकारचा आहे ते आधी बघा. एलपीसीएम असेल तर सोनंच: स्टिरिओ, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १५३६ किलोबिट. त्याचं फ्लॅक करा, कणभरही कमी होत नाही. डॉल्बी डिजिटल मात्र आधीच दाबलेला असतो, डीव्हीडीवर जास्तीत जास्त ४४८ किलोबिट. त्याचं फ्लॅक केलं तर फाइल फुगते, आवाज सुधरत नाही. एमपीथ्री केलं तर तो दुसऱ्यांदा दाबला जातो. मूळ प्रत तशीच जपा, फोनसाठी हवी तर वेगळी करा.

फाइलच्या नावात राग, ताल आणि साथीदार लगेच लिहा.