तिगावच्या रुळांवर पाच कोटी तबकड्या

नाताळच्या गाण्यांचा नंबर लावायचा तर आधी माप ठरवा. माप बदललं की पहिला नंबर बदलतो. आणि मापायला आपल्याकडे सोयीची वस्तू आहे: पांढुर्ण्याजवळच्या तिगाववरून जाणारा नागपूर–इटारसी लोहमार्ग, धरू या 300 किलोमीटर.

खपाचं माप घेतलं तर पहिलं बिंग क्रॉस्बीचं 'व्हाइट ख्रिसमस'. गिनीज बुकाच्या अंदाजानं 5 कोटी प्रती. 1942 मध्ये केलेली मूळ ध्वनिमुद्रणाची तबकडी छपाईत इतकी झिजली की 1947 मध्ये क्रॉस्बीला तेच गाणं पुन्हा गावं लागलं. आता प्रत्येक तबकडी पाव मीटर रुंद समजून नागपूर स्टेशनापासून रुळांवर मांडत चला. ओळ 12,500 किलोमीटरची होते. वीसदा इटारसीला जाऊन परत यायचं, एकविसाव्यांदा निघायचं, इटारसी गाठून वळायचं. मग कुठे पांढुर्ण्याच्या आसपास, म्हणजे तिगाव मागे टाकल्यावर, शेवटची तबकडी हातातून सुटेल. सगळ्या तबकड्या एकामागून एक, प्रत्येकी तीन मिनिटं, एकदाच ऐकायच्या म्हटल्या तर 285 वर्षं. पहिले रघूजी भोसले कर्नाटकच्या स्वारीवर होते त्या 1740 साली बसला असता, तर 2025 मध्ये उठला असता. तेही न जेवता.

पण तबकडीचा जमाना गेला. स्पॉटिफायवर मरायाह कॅरीचं 1994 चं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' 200 कोटी वेळांच्या पुढे वाजलं आहे. चार मिनिटांचं गाणं. म्हणजे 15,000 वर्षांहून जास्त सलग गाणं! तितकं मागे गेलात तर संत्र्याची बाग सोडाच, जगात शेतीच नव्हती. गंमत म्हणजे याच गाण्याला अमेरिकेच्या यादीत पहिला नंबर मिळाला 2019 मध्ये, पंचविसाव्या वर्षी. मला ते दुसऱ्यांदा ऐकवत नाही, पण 200 कोटींपुढे माझं काय चालणार?

भाषांच्या मापानं 'सायलेंट नाइट' पुढे. 24 डिसेंबर 1818, ऑस्ट्रियातलं ओबर्नडॉर्फ, शब्द योसेफ मोर यांचे, चाल फ्रान्झ ग्रुबर यांची. दोन गळे आणि एक गिटार, बस. आज ते 300 हून अधिक भाषांत आहे.

तळाला मी 'ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस' टाकतो. बारा दिवस रोज मागच्या भेटी पुन्हा द्यायच्या आणि एक नवी वाढवायची, बेरीज 364. त्यात 184 पक्षी, बारा नासपतीची झाडं आणि नुसत्या दुभत्या गाईंच्या धारा काढणाऱ्या चाळीस बाया. एवढं दारात येऊन पडलं तर प्रेम राहील का?

राहिलं उंचीचं माप. 16 डिसेंबर 1965 रोजी जेमिनी 6 यानातून वॉली शिरा यांनी माउथऑर्गन वाजवला, टॉम स्टॅफर्ड यांनी घुंगरं हलवली, आणि 'जिंगल बेल्स' अवकाशातून ऐकू आलं. उंची किती? आपला नागपूर–इटारसी मार्ग आकाशाकडे उभा केला तर साधारण तितकी.

माझा पहिला नंबर यालाच. 1857 च्या या गाण्यात ख्रिसमसचं नावही नाही. आहे ते काय? घोड्याच्या साजाला बांधलेल्या घुंगरांचा नाद, भरधाव गाडी, शेजारी बसलेली पोरगी, आणि बर्फात उलटून पडणं. बर्फाच्या जागी माती आणि घोड्याच्या जागी खिल्लारी जोडी घाला. हे तर आपल्या शंकरपटाचं गाणं. तिगावात ते पोळ्यालाही चालून जाईल.